अग्रशाळेची वही

पार्श्वभूमी

हे प्रकरण फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानातले, मे 2023 मधले. गाव, दैवत आणि माणसे ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मी तेव्हा देवस्थान समितीचा सचिव होतो. यातली एक मोठी चूक माझ्या सहीने झाली, हे आधीच सांगून टाकतो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे. आमची देवस्थाने 1933 च्या, पोर्तुगीज काळातल्या नियमांवर आजही चालतात. महाजन म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेली घराणी. त्यांच्यातून दर तीन वर्षांनी समिती निवडली जाते: अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार. तालुक्याचा मामलेदार हा देवालयांचा प्रशासक. अंदाजपत्रकात नसलेला खर्च करायचा तर त्याची मंजुरी लागते. देवाच्या पैशातून कोणाला पाच हजार द्यायचे म्हटले तरी मनात आले आणि दिले, असे होत नाही.

आमच्या अग्रशाळेचे, म्हणजे देवळाच्या आवारातल्या मुक्कामाच्या खोल्यांचे, छप्पर गळत होते. कुळावी, म्हणजे या देवाला कुलदैवत मानणारी माणसे, पावसात आले की खोलीत बादल्या ठेवाव्या लागत. पावसाच्या आत कौले उतरवून, कुजलेले वासे बदलून पुन्हा शाकारायचे असे ठरले आणि काम गावच्याच एका कंत्राटदाराला दिले. तो स्वतः महाजन. सभामंडपातल्या संगमरवरी पाटीवर त्याच्या वडिलांचे नाव आहे, आणि जत्रेतला एका दिवसाचा महाप्रसाद त्यांच्या घराण्याकडे असतो. पुढचे सगळे समजायला एवढे लक्षात ठेवावे.

पूर्वी अशा कामाला कर्नाटकातल्या गदग, कोप्पळकडची माणसे येत. या वेळी सहा जण झारखंडच्या गुमला जिल्ह्यातले होते, उरांव आदिवासी, धर्माने ख्रिस्ती. त्यांना राहायला जागा नव्हती म्हणून समितीने अग्रशाळेच्याच मागच्या दोन खोल्या दिल्या. दुपारी महाप्रसाद असला की ते पंगतीत बसत. भात संपला तरी पानावरून उठत नसत. शेजारचा उठेपर्यंत थांबत. आमच्या भटजींना त्याचे फार कौतुक.

अपघात

मे महिन्याचा तिसरा आठवडा. दुपारी चारच्या सुमारास एक वासा मोडला आणि त्यावर बसून रिपा ठोकणारा अठ्ठावीस वर्षांचा गडी खाली चिऱ्यांच्या ढिगावर पडला. कमरेला पट्टा नव्हता, खाली जाळी नव्हती. त्याला आधी फोंड्याला आणि तिथून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

त्याच संध्याकाळी समितीची तातडीची सभा झाली. माझ्या इतिवृत्तात पहिला विषय आहे प्राकाराच्या शुद्धीचा: रक्त सांडले होते, दोन दिवसांवर पालखी होती. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. मयताच्या घरी कळवण्याचा विषय शेवटी, ‘आयत्या वेळचे’ मध्ये. आज ते पान वाचताना लाज वाटते.

मात्र लोक वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाने न सांगता फेरी काढली आणि चोवीस हजार जमवले. देवस्थानाच्या निधीला हात लावायचा नसल्यामुळे मंजुरीचा प्रश्न आला नाही. मयताच्या बायकोला आणि तिच्या दिराला आणण्याचा खर्च त्यातून झाला. उरलेल्या पाच मजुरांचे जेवण गावातल्या बायकांनी आठवडाभर वाटून घेतले.

सिस्टर

त्या पाचांपैकी एकाने कोणाला तरी फोन केला आणि तिसऱ्या दिवशी एक सिस्टर आल्या. त्या मूळच्या झारखंडच्याच. इथल्या एका चर्चमध्ये परप्रांतीय कामगारांसाठी रविवारी हिंदीतून प्रार्थना असते, तिथे त्या काम करतात. त्या चौकात बसून मजुरांशी त्यांच्या सादरी भाषेत बोलू लागल्या तेव्हा ती पोरे पहिल्यांदा रडली. तीन दिवस आम्ही त्यांच्याशी हिंदीत बोलत होतो आणि ते ‘हां जी, हां जी’ म्हणत होते.

मयताची बायको आली, तोवर चार दिवस झाले होते. मृतदेह गावी न्यायचा की इथेच दफन करायचे? विमानाने न्यायचे तर देहावर प्रक्रिया, पेटी, पोलिसांचा दाखला, रांचीपासून पुढे गाडी. पैसे उभे राहिले असते, पण दीर म्हणाला, एवढ्या पैशात पोरांची दोन वर्षे निघतील. फादरनी आपल्या चर्चच्या दफनभूमीत जागा दिली. मयत त्या पॅरिशचा, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतला, नसतानाही दिली, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्यापैकी अकरा जण गेलो. भटजी फाटकापर्यंत आले आणि बाहेर उभे राहिले.

दोन लाखांचा प्रस्ताव

सहाव्या दिवशी कंत्राटदार अग्रशाळेत आला. सोबत शंभर रुपयांचा मुद्रांक, त्यावर आधीच टंकलेला मजकूर. ‘दोन लाख देतो. पन्नास हजार आत्ता रोख, बाकी चतुर्थीपर्यंत. माणूस माझ्याकडे होता म्हणून नव्हे, माणुसकी म्हणून.’

अध्यक्षांना हे योग्य वाटले. मलाही. आमच्या डोळ्यांपुढे पावसाळा तोंडावर आलेला, बाई परक्या मुलखात, कोर्टकचेऱ्यांना कोण येणार? बाईने अंगठा उठवला. मजकूर तिला कोणी वाचून दाखवला नाही, इंग्रजीत होता. ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असे शेवटच्या ओळीत होते. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

सिस्टर त्या दिवशी वास्कोला होत्या. संध्याकाळी आल्या, कागद वाचला आणि काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘सर, दो लाख किस हिसाब से?’ हिशेब कोणीच केला नव्हता.

हिशेब

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या वकीलबाईंनी तो मांडला. तेव्हा 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होता (नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. रोज सातशे, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे 18,200. पण 2020 पासून हिशेबाला जास्तीत जास्त 15,000 धरायचे. निम्मे 7,500. अठ्ठावीस वर्षांना गुणक 211.79. येतात 15,88,425 रुपये.

खोलीत कोणी बोलले नाही. खजिनदाराने कॅलक्युलेटरवर पुन्हा करून पाहिले.

त्यात दोन बारकावे होते आणि दोन्ही प्रत्येक देवळाच्या, चर्चच्या, मशिदीच्या समितीला माहीत असायला हवेत. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई थेट वारसांच्या हातात देऊन चालत नाही. ती त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे (तेव्हा भरपाई आयुक्त) जमा करावी लागते. परस्पर दिलेले भरपाईत धरले जात नाही. वजा होते ती फक्त आगाऊ दिलेली, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम. त्यामुळे आमच्यासमोर झालेला तो मुद्रांक कायद्यापुढे रद्दी होता. देवापुढे गावकऱ्यांनी मिटवले की मिटले, ही आमची समजूत इथे कामाची नव्हती. दुसरे: जीवघेण्या अपघाताचा अहवाल मालकाने सात दिवसांत द्यायचा असतो. तो गेलाच नव्हता.

वय हाही प्रश्न होता. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी 1989, म्हणजे चौतीस वर्षे. गावात आधार काढताना ज्याला तारीख सांगता येत नाही त्याला 1 जानेवारी मिळते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सिस्टरनी गुमल्यातल्या त्याच्या मूळ पॅरिशला फोन लावला. तिथल्या फादरनी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचे पान मोबाइलवर काढून पाठवले: जन्म ऑगस्ट 1994. लग्नाची नोंदही त्याच कपाटात सापडली, म्हणजे बायको कायदेशीर वारस असल्याचा पुरावा. चौतीस वयाने 14,95,500 झाले असते. सहा वर्षांच्या त्या पानाची किंमत 92,925 रुपये.

समितीपुढचे पर्याय

आता खरी अडचण. तो गडी या कंत्राटदाराकडे कामाला होता हे दाखवायचे कशावरून? हजेरीची वही कंत्राटदाराकडे, आणि तो म्हणाला ती मिळत नाही. करारपत्र नाही. पाच किंवा अधिक परप्रांतीय कामगार ठेवणाऱ्या कंत्राटदाराला तेव्हा लागू असलेल्या 1979 च्या कायद्याने परवाना लागे, कामगाराला फोटो लावलेले पासबुक द्यावे लागे. यातले काही नव्हते. ‘मी आणले नाहीत, आपणहून आले’ असे एकदा म्हटले की तो कायदाही निसटत असे. साक्षीदार पाचही जण जूनच्या पहिल्या आठवड्यात निघून गेले. आम्हीच त्यांना तिकिटे काढून दिली होती, दयेपोटी! त्यांचे जबाब आधी लिहून घ्यावेत हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

उरली अग्रशाळेची नोंदवही. मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवायची पद्धत आहे आणि आमचा राखणदार त्या बाबतीत कडक. 11 फेब्रुवारीच्या पानावर त्याच्या तिरक्या मराठी अक्षरात सहा नावे, आधारचे शेवटचे चार आकडे, आणि शेरा: ‘छपराच्या कामाचे गडी’, पुढे कंत्राटदाराचे नाव. मयताच्या आडनावातले जोडाक्षर सुटले होते, पण आकडे बरोबर होते.

वही माझ्या ताब्यात. त्या रात्री कंत्राटदाराचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ‘सर, पावसात पुष्कळ वह्या भिजतात. तुमची भिजली म्हणा.’ गंमत म्हणजे ते निम्मे खरे होते. छप्पर उघडे असताना एक सर आली होती आणि मार्चची पाने एकमेकांना चिकटली होती. फेब्रुवारीचे पान कोरडे होते.

समितीच्या सभेत तीन मते पडली. एक: वही आपणहून देऊन टाकावी. दुसरे: गप्प बसावे, कारण देवस्थानालाच प्रतिवादी केले तर? काम देवस्थानाचे, जागा देवस्थानाची. वकीलबाईंचे म्हणणे होते की कायद्यातली मूळ मालकाची जबाबदारी धंदा-व्यवसायापुरती आहे, देवस्थान त्यात सहज येत नाही. पण येणारच नाही असे लिहून द्यायला त्या तयार नव्हत्या. तिसरे मत: ‘तो आमचो न्हय.’ हे बोलणारा माणूस भजनी मंडळाच्या फेरीत सर्वांत पुढे होता. मला त्यात विसंगती वाटत नाही. फेरीत पैसे द्यायला कोणाशी वाकडे घ्यावे लागत नाही.

मग एका ज्येष्ठ महाजनांनी सुचवले की देवाला कौल लावू. गाभाऱ्यात पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर वही द्यायची. आमच्याकडे लग्नापासून शेताच्या वादापर्यंत कौल लागतो, त्यामुळे सूचना वेडी नव्हती. दोघे-तिघे मान डोलावू लागले. भटजी दाराशी उभे होते. त्यांना सभेत बोलायचा अधिकार नाही, पण बोलले: ‘हिशेबाच्या वहीला कौल लावत नाहीत. डावी पडली तर काय, पान फाडणार?’

विषय तिथेच थांबला. निर्णय मात्र झाला नाही. शेवटी ठराव असा: आयुक्तांनी मागितली तरच वही हजर करावी. मी प्रत्येक पानाला क्रमांक घातले, फोटो काढले, एक प्रत पाकिटात सीलबंद करून मुखत्यारांकडे ठेवली. धाडस दाखवले असे म्हणवत नाही. वही हरवणार नाही एवढी सोय केली, इतकेच.

सभा चालू असताना सिस्टर बाहेर चौकात थांबल्या होत्या. मी बाहेर आलो तर त्या भिंतीवरचा फलक वाचत बसलेल्या. मराठी वाचता येते त्यांना. सहज विचारले, ‘ये भगवान पहले सासष्टी में थे?’ हो, म्हटले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिकडची, सासष्टी तालुक्यातली देवळे मोडली तेव्हा लोक मूर्ती घेऊन नदीपलीकडे इथे आले. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हते, 1763 नंतर गेले. ‘अच्छा. किसने जगह दी होगी?’ स्मरणिकेत दरवर्षी मी तो इतिहास लिहितो. जागा कोणी दिली, हे एकदाही लिहिलेले नाही.

दावा

दावा गुमल्यात करायचा की गोव्यात? वारस राहतात तिथेही करता येतो. बाईला गुमला सोपे होते, प्रत्येक तारखेला हजार कोस यायचे नाही. पण वही, राखणदार, पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल सगळे इथे. सिस्टरनी गोवा सुचवला आणि बाईच्या राहण्याची जबाबदारी घेतली. सप्टेंबर 2023 मध्ये पणजीतल्या पाटोवरच्या कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज दाखल झाला.

कंत्राटदाराचे उत्तर आले आणि गावाची हवा एका रात्रीत फिरली. त्याने लिहिले होते: मी फक्त साहित्य पुरवले, मजूर देवस्थानाने परस्पर आणले, देवस्थानाने त्यांना स्वतःच्या जागेत ठेवले व जेवू घातले. म्हणजे आमचा महाप्रसादच आमच्याविरुद्ध पुरावा!

जे महाजन गप्प बसा म्हणत होते तेच दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात: वही कुठे आहे, सुरक्षित आहे ना? फेब्रुवारी 2024 मध्ये आम्ही ती हजर केली. राखणदाराने साक्ष दिली. उलटतपासणीत त्याला विचारले, आडनाव चुकीचे का लिहिले? म्हणाला, ‘मी मला ऐकू आले तसे लिहिले. कंत्राटदाराचे नाव मात्र मला येते, ते बरोबर लिहिले आहे.’

तेव्हा वही बाहेर आली ती सद्सद्विवेकामुळे नव्हे, अंगाशी आले म्हणून. हे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण नंतर जत्रेच्या भाषणात ‘देवस्थान गरिबाच्या पाठीशी उभे राहिले’ असे सांगितले गेले आणि टाळ्याही पडल्या.

निष्पत्ती

जानेवारी 2025 मध्ये कंत्राटदाराने तडजोड केली, या वेळी आयुक्तांसमोर. पूर्ण मुद्दल, त्यातून आधी दिलेले पन्नास हजार आगाऊ म्हणून वजा, म्हणजे 15,38,425, अंत्यविधीचे 5,000, आणि व्याज. महिन्याच्या आत भरपाई जमा न केल्याबद्दल दंडाचीही तरतूद आहे, मुद्दलाच्या निम्म्यापर्यंत. बाईने ती मागणी सोडली, सिस्टरचे मत वेगळे असूनही. तिला तारखांचा कंटाळा आला होता. रक्कम बायको, दोन मुले आणि सासू यांच्यात वाटली गेली; मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत.

कंत्राटदाराच्या घराण्याने त्या वर्षी महाप्रसाद दिला नाही. पुढच्या वर्षी दिला. माझ्याशी तो बोलत नाही. त्याची आई बोलते.

समितीने बांधकामाच्या करारात तीन गोष्टी घातल्या: कामगारांचा विमा, बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी (वर्षभरात नव्वद दिवस काम झालेल्यांसाठी), आणि उंचीवरच्या कामाला पट्टा. पहिल्या दोन गोष्टींमुळे नव्या निविदेला एकच अर्ज आला आणि दर वाढला. त्यावरही सभेत वाद झाला.

वेगळे काय करता आले असते

सहाव्या दिवशीची माझी सही. सिस्टर येईपर्यंत चार तास थांबलो असतो तरी पुरे होते. धार्मिक संस्थेच्या माणसाने तडजोडीच्या कागदावर साक्षीदार व्हायचेच असेल तर आधी एकच विचारावे: ही रक्कम कुठून आली? समोरच्याला उत्तर देता आले नाही तर पेन खिशात ठेवावे.

मजुरांची तिकिटे दोन दिवस उशिरा काढायला हवी होती. पाचांचे जबाब, त्यांच्या भाषेत, सिस्टरांकडून लिहून घेतले असते तर वहीवर इतका भार आला नसता. आणि वही ठरावाची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात द्यायला हवी होती. सप्टेंबर ते फेब्रुवारी हे पाच महिने आमच्या भिडेचे आहेत; त्या काळात गुमल्यात थोरल्या मुलाची शाळा सुटली होती, हे मला फार उशिरा कळले.

याच प्रकरणात दोन देवालयांच्या कपाटांनी जे केले ते मात्र आमच्या जेवणाने किंवा फेरीने झाले नसते. तारीख, नाव, कोणाबरोबर आला. आमच्या राखणदाराने आणि गुमल्याच्या कोण्या फादरने आपापले काम कंटाळा न करता केले होते, एकाने फेब्रुवारीत, दुसऱ्याने तीस वर्षांपूर्वी.

दफनाच्या निर्णयाबद्दल अजून माझे मत होत नाही. इथल्या दफनभूमीत कायमची जागा घराण्यांची असते. बाकीच्या कबरी काही वर्षांनी उघडतात आणि अस्थी बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक विहिरीत जातात. त्या चर्चमध्ये ही मुदत तीन वर्षांची आहे. बाईला हे दफनाच्या दिवशी कोणी सांगितले नाही; आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हते, आणि सिस्टरना त्या वेळी सांगवले नाही. माहीत असते तर तिने विमानाचा खर्च मागितला असता का, कोण जाणे.

मे 2026 मध्ये तीन वर्षे होतात. फादरनी निरोप पाठवला आहे: कोनाडा घ्यायचा असेल तर आत्ता सांगा, वर्गणी भरावी लागेल. मी आता सचिव नाही, पण महाजन म्हणून पुढच्या सभेला विषय दिला आहे. सातव्या क्रमांकावर आहे. मामलेदाराकडे मंजुरी कोणत्या सदराखाली मागायची यावर खजिनदार आणि मी कालपासून बोलतो आहोत. ‘अग्रशाळा, दुरुस्ती व देखभाल’ असे तो म्हणतो.